तीन लेट मार्कांचा एक दिवस

सोमवार, ५ जानेवारी. सकाळी ६.१५

नवीन वही. प्रथम पृष्ठावर हेतू नमूद करीत आहे.

आजपासून आमच्या संघमित्रानगरच्या समाजमंदिराच्या साठ फुटी भिंतीवर चित्रे काढण्याचे काम सुरू होत आहे. काम एका संस्थेचे आहे. चित्रे काढणार आहेत वस्तीतील आठ मुले-मुली, ज्यांच्यापुढे पोलीस, शाळा आणि आईबाप यांपैकी कोणी ना कोणी हात टेकलेले आहेत. मुदत चाळीस दिवस, रविवार वगळून. वेळ सकाळी सात ते नऊ.

संस्थेच्या हर्षाली मॅडम काल स्वतः घरी आल्या. म्हणाल्या, "आबा, समाजमंदिराची चावी तुमच्याकडे असते ना? रंगाचे डबे आत ठेवायचेत. सकाळी कुलूप तेवढं उघडाल का? आणि पोरं आली की वहीत त्यांची सही घ्या. बस, एवढंच."

याचा अर्थ उघड आहे. कामाची संपूर्ण शिस्त माझ्याकडे सोपविण्यात आली आहे.

मी धोंडीराम केदारे. वय चौऱ्याहत्तर. शिक्षण इयत्ता चौथी उत्तीर्ण. सरकारी कार्यालयात चौतीस वर्षे शिपाई. चौतीस वर्षांत एकही लेट मार्क नाही. निरोपसमारंभात साहेबांनी हे वाक्य माइकवरून उच्चारले होते. साहेब बदलले, कार्यालयाची इमारत बदलली, हे वाक्य कायम आहे.

सोमवार, ५ जानेवारी. सकाळी ९.४०

ठीक सात वाजता कुलूप उघडले. समोर चिटपाखरू नाही. थंडीत एकटा उभा राहिलो. सात वाजून वीस मिनिटांनी सगळी मुले आली, ठरवून आल्यासारखी एकदम. त्याच मिनिटाला हर्षाली मॅडमही आल्या आणि टाळ्या वाजवून म्हणाल्या, "वा! पहिल्याच दिवशी सगळे वेळेवर!"

मॅडम तरुण आहेत. परस्त्रीस पहिल्याच दिवशी बोलणे प्रशस्त दिसले नाही. मुलांच्या नावापुढे मात्र लाल शाईने लेट मार्क दिला.

आमच्या कार्यालयात नियम होता. तीन लेट मार्क झाले की एक दिवसाची किरकोळ रजा कापली जाते. तोच येथे लागू करण्याचे ठरविले आहे. मॅडमना योग्य वेळी कळविण्यात येईल.

मंगळवार, ६ जानेवारी

बंटी नावाच्या मुलाकडे विशेष लक्ष द्यावे लागेल. वय सतरा. आई लताबाई पोळ्या लाटते आणि कामगारांना डबे देते. गेल्या पावसाळ्यात काही मोठ्या मुलांनी रस्त्यावरच्या मोटारींच्या काचा फोडल्या, तेव्हा हा एका मोटारसायकलवर मागे बसलेला सापडला. बाल न्याय मंडळाने सांगितले आहे की चाळीसपैकी निदान छत्तीस दिवस भिंतीवर हजेरी लाव, प्रकरण बंद करू. छत्तीस न भरल्यास निरीक्षणगृह, म्हणजे रिमांड होम.

म्हणजे या मुलाचे भवितव्य माझ्या मस्टरवर अवलंबून आहे. जबाबदारी मोठी आहे. खांदे मजबूत आहेत.

आज तो सात-सतराला आला. लेट मार्क.

गुरुवार, ८ जानेवारी

उद्धटपणाची पहिली नोंद. बंटी सही करताना म्हणाला, "आबा, तुमचं घड्याळ लय फास्ट पळतंय." आणि मोबाइल माझ्या नाकासमोर धरला. मी विचारले, या मोबाइलला वेळ कोण सांगतो? म्हणाला, टॉवर. टॉवरला कोण सांगतो? त्याने मोबाइल खिशात घातला.

मग सर्वांना आमच्या घरची पद्धत समजावून दिली. भिंतीवर चावीचे घड्याळ आहे, लग्नात सासऱ्यांनी दिलेले. मनगटावरचे थांबले तर मी ते भिंतीवरच्यावरून लावतो. भिंतीवरचे थांबले तर मनगटावरच्यावरून. त्यामुळे आमच्या घरातील वेळ आजपर्यंत कधीही तुटलेली नाही.

वेदिका नावाची एक मुलगी आहे, शाळा सोडलेली, जिभेची तिखट. ती म्हणाली, "म्हणजे दोन्ही घड्याळं एकमेकांचीच कॉपी करतात! दोघं नापास!" सर्व हसले. हर्षाली मॅडमही तोंडावर ओढणी धरून हसल्या. त्यांना पद्धत आवडली असावी.

वेळेच्या बाबतीत घरात पहिल्यापासून माझाच शब्द. माझी पत्नी, कालकथित कुसाबाई, हिला अक्षरओळख नव्हती. तिला घड्याळ कळत नसे. उन्हावरून वेळ सांगे.

ता. क. : रेडिओवरील सात-पाचच्या बातम्या आज सात-पंचवीसला लागल्या. सर्वच क्षेत्रांत घसरण आहे.

शनिवार, १७ जानेवारी

चित्राचा विषय ठरला. मी 'शिस्त' सुचविला होता. खाली सुविचार आणि तारीख. मुलांनी विचारपूर्वक ऐकले आणि दुसरा विषय घेतला. 'आधी उठणारी माणसं.' म्हणजे वस्तीत उजाडण्यापूर्वी जी कामाला लागतात ती. दूध घालणारा, झाडूवाल्या मावश्या, पोळ्या लाटणाऱ्या बाया, पहिल्या शिफ्टचे कामगार. पहिल्या फुटापासून शेवटच्या फुटापर्यंत नुसती राबणारी माणसे.

मध्यभागी चार फूट जागा मात्र रिकामी ठेवली आहे. खडूने एका उंच माणसाची आकृती आखली आहे. ती बंटी काढणार. मी विचारले, हा कोण? सगळे एकमेकांकडे बघून हसले. वेदिका म्हणाली, "सरप्राइज आहे आबा. विचारायचं नाही."

विचारण्याची गरजही नाही. वस्तीत सर्वांत आधी उठणारा माणूस कोण, हे शेंबड्या पोरालाही माहीत आहे.

संकल्प : यापुढे रोज दाढी. इस्त्रीचा सदरा. खुर्ची दाराजवळ, चेहरा उजेडाकडे.

बंटी नेहमी माझ्या मागच्या बाजूला पायरीवर बसून वहीत काहीतरी रेखाटत असतो. समोर बसण्याचे धैर्य होत नसावे.

बुधवार, २८ जानेवारी

कडाक्याची थंडी. ब्लेडने हनुवटी कापली. तरीही दाढी केली.

इतर मुले आता माझ्या सातला येऊ लागली आहेत. त्यांची घरे समोरच आहेत, मी कुलूप लोखंडी दारावर आपटले की उठतात. या वेळेला वस्तीत 'आबा टाइम' म्हणतात असे समजले. आदर आहे.

बंटी तेवढा राहिला. आज सात-अठराला सायकल फेकून धापा टाकीत आला. एवढ्या थंडीत घाम. म्हणाला, "आबा, पहिल्या शिफ्टचे डबे अंबडच्या कारखान्यांवर पोचवून दामटत येतोय. सातला अजून दोन कमी आहेत, आईशप्पथ!" मी लाल पेन उघडले. त्याने पेनाकडे पाहिले, सही केली आणि गुपचूप रंग कालवायला गेला.

शिस्त मुरते आहे. सहावा लेट मार्क.

मंगळवार, १० फेब्रुवारी

आज एक प्रसंग घडला. नोंद करण्यास उशीर झाला. थंडीमुळे.

साडेआठच्या सुमारास एका मोटारसायकलवर दोन मोठी मुले आली. भिंतीसमोर गाडी घरघरत ठेवली. एक म्हणाला, "काय पेंटर? ओळख विसरला का? चल, बस मागे. छोटंसं काम आहे." बंटी शिडीवर होता. हातात ब्रश. उतरला नाही आणि रंगवीतही नव्हता. निळ्या रंगाचे थेंब त्याच्या पायावर पडत होते. वेदिकेने खालून शिडी घट्ट धरली होती.

मी खुर्चीवरून उठलो. एकंदर परिस्थिती पाहता दारापर्यंतच गेलो.

बंटी शिडीवरूनच म्हणाला, "नाय जमणार भाई. आबा लय कडक आहे. जागेवरून हललो की लाल पेन मारतो. छत्तीस दिवस भरायचेत मला."

ती दोघे माझ्याकडे पाहून मोठमोठ्याने हसली. "ह्या म्हाताऱ्याला भितो?" जाता जाता गाडी चालविणारा म्हणाला, "भर तुझे छत्तीस. नाही भरले तर आम्ही आहोतच."

गाडी वळणाआड गेल्यावर बंटी शिडीवरच बसून राहिला. मग ब्रश बुडविला आणि झाडूवाल्या मावशीच्या लुगड्याला काठ काढला. सरळ काढला.

केवळ माझ्या नजरेने ती दोघे निघून गेली, हे येथे नमूद करणे आवश्यक आहे.

गुरुवार, १९ फेब्रुवारी

चाळीस दिवस पूर्ण. मधली आकृती सोडून भिंत तयार आहे. दुपारी दार लावून मस्टरचा गोषवारा केला. दोन वेळा बेरीज. तिसऱ्यांदा बोटांवर.

बंटी. हजर दिवस अडतीस. लेट मार्क नऊ. नवाचे तीन दिवस वजा. शिल्लक पस्तीस.

आवश्यक छत्तीस.

चौथ्यांदा बेरीज केली. पस्तीसच आले.

नियमाला डोळे नसतात. मी केला तेव्हा तो सर्वांसाठी केला. एकासाठी सोडला तर ते नियमपालन राहत नाही, ओळखपाळख होते. कार्बन घालून तीन प्रती काढल्या. अक्षर सुबक आले आहे. चहा गार झाला तो तसाच राहिला.

शुक्रवार, २० फेब्रुवारी

गोषवारा मस्टरसह बाल न्याय मंडळाच्या परिवीक्षा अधिकाऱ्यांच्या कार्यालयात समक्ष नेऊन दिला. मॅडमना त्रास कशाला? चौतीस वर्षे टपाल पोचविले आहे. आवक शिक्का मारून पोच घेतली. खिडकीवरचा मुलगा म्हणाला, "बाबा, मेल केला असता तरी चाललं असतं." त्याला क्षमा केली.

सायंकाळी हर्षाली मॅडमना पोच दाखविली. कौतुकाची अपेक्षा होती. त्यांनी कागद वाचला. पुन्हा वाचला.

"आबा, दिवस कापायला कोणी सांगितलं होतं तुम्हाला?"

नियमाने, मी म्हणालो.

"कुठल्या नियमाने? इथे कोण पगारावर आहे? मी फक्त सही घ्या म्हटलं होतं हो!" मग आवाज खाली आला. "त्याला एक दिवस कमी पडला. गुरुवारी तारीख आहे त्याची. आबा, हा कागद परत आणता येईल?"

आवक झालेला कागद परत येत नाही. हे मी अनुभवाने सांगितले. मॅडम समाजमंदिराच्या पायरीवर बसल्या. मी पाणी आणून दिले. म्हणाल्या, "मी पत्र देईन. पण मस्टरवर सही तुमची आहे. तुम्ही स्वतः बोलल्याशिवाय ते काही ऐकायचे नाहीत."

मी बोलणारच आहे. मस्टर अचूक आहे, हेच बोलणार आहे.

शनिवार, २१ फेब्रुवारी

लताबाई आली. उंबऱ्याबाहेर उभी राहिली. हात कणकेने भरलेले, लाटता लाटता उठून आलेली.

"आबा, एका दिवसापायी?"

मी नियम सांगू लागलो. तिने मध्येच तोडले. "साडेपाचला उठतंय माझं पोरगं. मागच्या वर्षी दहाला लाथा घालून उठवावं लागायचं. कशापायी उठतंय? तुमच्या लाल पेनापायी. मला म्हणतं, आई, डबे लवकर भर, आबा मार्क मारतील. आणि तुम्ही…" मी खुर्ची पुढे केली. चहा विचारला.

"चहा नको. घड्याळाला आई नसते आबा. पोराला असते."

गेली. दाराच्या चौकटीवर कणकेची चार बोटे उमटली आहेत. पुसलेली नाहीत. उद्या पुसण्यात येतील.

सायंकाळी चंद्रभागा भाकरी घेऊन आली. कुसाबाईची धाकटी बहीण, दोन घरे सोडून राहते. कुसाबाई गेल्यापासून तीन वर्षे तिच्याच घरून जेवण येते, सोबत टोमणे. म्हणाली, "दाजी, वस्तीभर तुमचंच चाललंय. घड्याळ पुढं आहे म्हणायला जीभ झडते का तुमची?" मी खडसावले, हे घड्याळ कधीच चुकलेले नाही. तिने भिंतीवरच्या घड्याळाकडे पाहिले. "चुकलेलं नाहीच आहे," एवढे म्हणाली आणि ताट झाकून निघून गेली.

मान्य करायचेच होते, तर इतक्या उशिरा का केले, असे वाटले.

सोमवार, २३ फेब्रुवारी

शहरातील वेळेची तपासणी करण्याचे ठरविले. दिवसभर फिरलो. निष्कर्ष पुढीलप्रमाणे.

रेडिओ वीस मिनिटे मागे. कारखान्याचा भोंगा वीस मिनिटे मागे. बँकेतील घड्याळ वीस मिनिटे मागे. मशिदीतील अजान वीस मिनिटे मागे. रेल्वे स्टेशनच्या फलाटावर लाल आकड्यांचे घड्याळ आहे, तेही वीस मिनिटे मागे. रसवंतीवाल्याला वेळ विचारली. त्याने न बघता सांगितली. वीस मिनिटे मागे.

संपूर्ण नाशिक शहराने एकाच वेळी आणि एकाच मापाने चूक करावी, हा योगायोग नोंद घेण्याजोगा आहे.

घरी येताना पायात गोळे आले. भाकरी उतरली नाही. चौकटीवरची बोटे उद्या पुसण्यात येतील.

बुधवार, २५ फेब्रुवारी. सकाळी ७.२०

बंटी घरी आला. इतक्या दिवसांत प्रथमच. आत आला नाही, चौकटीपाशी उकिडवा बसला. आईच्या बोटांचे ठसे त्याला दिसले असावेत.

म्हणाला, "आबा, उद्या तुम्ही येऊ नका. उगाच पायपीट. मी सांगेन, मी उशिरा यायचो म्हणून."

मी विचारले, घड्याळाचे काय सांगशील?

"नाही सांगणार. त्यांना काय करायचंय तुमच्या घड्याळाशी?" मग पायाचा अंगठा फरशीवर घासत म्हणाला, "तुमचं तेवढंच आहे आबा."

तेवढंच म्हणजे काय, हे मी विचारले नाही.

मधली आकृती अजून अपुरी आहे, ती पूर्ण कर, एवढे सांगितले. म्हणाला, "गुरुवारनंतर. असलो इथं, तर."

आज दाढी केली नाही.

गुरुवार, २६ फेब्रुवारी. सायंकाळी

क्रमाने लिहितो.

सुनावणी अकराची. मी माझ्या साडेदहाला पोचलो. बाकावर बसलो. मनात भाषण तयार होते. शिस्तीचे महत्त्व, नंतर नियम, शेवटी मुलाच्या वयाचा विचार होण्याची विनंती. बंटी स्वच्छ पांढरा शर्ट घालून आला होता. सोबत लताबाई आणि हर्षाली मॅडम. कोणी माझ्याशी बोलले नाही. लताबाईने जागा मात्र सरकून दिली.

माझ्या घड्याळात अकरा वाजले. काही झाले नाही. अकरा-दहा. काही नाही. कार्यालयाच्या भिंतीवरचे घड्याळ मी पाहत नव्हतो. त्या घड्याळाखाली एक शिपाई उभा होता. साधारण पन्नाशीचा. गणवेशाला इस्त्री, पट्ट्याचे पितळ घासलेले. तो दाराशी ताठ उभा होता. अशा उभे राहण्याने टाचा दुखतात. मला माहीत आहे.

माझ्या घड्याळात अकरा-वीस झाले. शिपायाने घसा साफ केला आणि पहिले नाव पुकारले.

रेडिओ चुकेल. भोंगा, बँक, रेल्वे, सगळे चुकू शकतील. अकराचा पुकारा शिपाई अकरालाच करतो. त्याच्या आधी नाही, नंतर नाही. मी चौतीस वर्षे केला आहे.

बंटीचे नाव आले. आत गेलो. मंडळाच्या अध्यक्षबाई शांत होत्या. मस्टर समोर उघडे. लाल शाई लांबूनही दिसत होती.

"नऊ दिवस उशीर झाला तुला?"

"हो मॅडम."

"कशामुळे?"

"असंच."

हर्षाली मॅडमनी डोळे मिटून घेतले. अध्यक्षबाईंनी पेन उचलले. त्या पेनाचे टोपण अजून निघायचे होते.

मी उभा राहिलो. भाषण आठवले नाही. म्हणालो, "माझे घड्याळ वीस मिनिटे पुढे आहे. हा मुलगा वेळेवर होता. नऊही दिवस."

अध्यक्षबाई म्हणाल्या, "मग हे लेट मार्क चुकीचे आहेत?"

मी म्हणालो, होय. दुरुस्त करावे लागतील. पण मस्टरवर नुसती खाडाखोड चालत नाही. जुने वाचता येईल अशी एकच रेघ मारायची, आणि प्रत्येक दुरुस्तीशेजारी पूर्ण सही. हा नियम आहे.

त्यांनी पेन खाली ठेवले. मग मस्टर माझ्याकडे वळवून म्हणाल्या, "करा."

माझ्या खिशात फक्त लाल पेन होते. त्या शिपायाने न सांगता स्वतःचे निळे पुढे केले. पहिली रेघ मारली. धोंडीराम केदारे. दुसरी. धोंडीराम केदारे. चौथ्या सहीचा 'धों' शेजारच्या रकान्यात गेला. पंख्याने पान उडत होते, बंटीने कोपरा दाबून धरला. त्याच्या नखात निळा रंग होता. सहाव्या सहीनंतर अध्यक्षबाई म्हणाल्या, "आजोबा, आता नुसती आद्याक्षरं केली तरी चालेल."

मी म्हणालो, नाही.

नऊ झाल्या. अडतीस दिवस भरले. प्रकरण बंद.

बाहेर लताबाई पुढे आली. पिशवीतून डबा काढून माझ्या हातात दिला. अजून ऊन होता. बंटी म्हणाला, "आबा, तुमची सही लय लांब आहे राव. मला वाटलं, आता दुपारची सुट्टी होते."

माझ्या साक्षीमुळेच निकाल अनुकूल लागला, याची नोंद घ्यावी. चूक घड्याळाची होती. चौतीस वर्षांच्या सेवेला त्यामुळे बाध येत नाही.

रविवार, १ मार्च

भिंतीचे उद्घाटन. पहाटे दाढी, दहाला पुन्हा दाढी. इस्त्रीचा सदरा. मधल्या आकृतीवर जुनी चादर टांगली होती. सारी वस्ती लोटली होती. मला पुढच्या रांगेत खुर्ची. चेहऱ्यावर योग्य तो भाव ठेवला.

चादर खाली आली.

चित्रातील माणूस पाठमोरा आहे.

दाराकडे तोंड करून कुलूप उघडतो आहे. चेहरा नाही. कान आहेत. मानेवरच्या सुरकुत्या आहेत. डाव्या खांद्यावर उसवलेला स्वेटर आहे, जो उसवला असल्याचे मला ठाऊक नव्हते. हातात किल्ल्यांचा जुडगा, मनगटावर घड्याळ. मागून एक लहान मूल ओरडले, "आबा! आबा!" आणि सगळ्यांनी टाळ्या वाजविल्या. पाठीवरून ओळखले.

बंटीला बाजूला घेतले. समोरून का नाही? म्हणाला, "रोज आम्ही यायचो तेव्हा तुमची पाठच दिसायची, आबा. कुलपाशी झटापट चाललेली. समोरून तर तुम्ही लाल पेन घेऊनच दिसायचा."

चित्रातील घड्याळात किती वाजले आहेत, हे मी जवळ जाऊन पाहिले. काटे काढलेले नाहीत.

एकूण पस्तीसहून अधिक दाढ्या.

जिलेबी वाटताना चंद्रभागा शेजारी येऊन बसली. मी तिला सांगितले की चावीचे घड्याळ दुरुस्तीला न्यावे लागेल, म्हातारे झाले, पुढे पळते. ती म्हणाली, "काही बिघडलेलं नाही त्याचं. आमच्या ताईनंच पुढं लावलंय ते."

मी म्हणालो, काय?

"नोकरी लागली तेव्हा पहिल्याच महिन्यात तीन दिवस उशिरा गेला होतात. आठवत नाही? हेडक्लार्क म्हणाला, पुन्हा झालं तर नाव काढून टाकतो. तुम्ही रात्री जेवला नव्हता. सकाळी तुम्ही आंघोळीला गेलात आणि ताई स्टुलावर चढली. काटा सरकवला बोटानं. स्टूल मी धरलं होतं की. परकर घालायचे तेव्हा मी. ताई म्हणाली, 'चंद्रे, कुठं बोलू नको. त्यांना कळलं तर फुगून बसतील.'" मग जिलेबीचा तुकडा मोडीत म्हणाली, "नाही बोलले. आजवर नाही बोलले, दाजी."

जिलेबी घेतली नाही.

सोमवार, २ मार्च. सकाळी ८.०० (७.४०)

निर्णय : भिंतीवरचे घड्याळ वीस मिनिटे मागे घेणे.

अंमलबजावणी : स्टूल घेतले. चढलो. काच उघडली. मोठ्या काट्याला बोट लावले. काट्याच्या टोकाशी पितळ गुळगुळीत झाले आहे. माझे बोट तेथे कधी लागलेले नाही. मी चावी देतो, आणि लावायचे झाल्यास मागच्या खुंटीने लावतो. काटा मऊ लागला. उतरलो. स्टूल धरण्यास कोणी नसल्याने, सुरक्षिततेच्या दृष्टीने काम पुढे ढकलण्यात आले आहे.

सवयीने समाजमंदिरावर गेलो. कुलूप उघडले. आत रंगाचे डबे नाहीत. खुर्ची काढून बसलो. समोर माझी पाठ. वीस मिनिटे तिच्याकडे पाहत होतो.

सातला बंटी सायकलवरून आला. "आबा, आज कशाला उघडलंत?" मस्टर कार्यालयात जमा आहे. ही वही पुढे केली. त्याने मागच्या पानावर सही केली आणि विचारले, "वेळ किती टाकू?" मी म्हणालो, राहू दे.

तो गेल्यावर वहीचे पहिले पान उघडले. 'चौतीस वर्षांत एकही लेट मार्क नाही.' वाचता येईल अशी एकच रेघ मारली. शेजारी पूर्ण सही लागते. पेन टेकविले. येथे सही कोणाची लागेल, याचा बराच वेळ विचार केला. तिला सही येत नव्हती.

पुढे ८ जानेवारीच्या नोंदीत, तिला घड्याळ कळत नसे, असेही लिहिले आहे. तेही दुरुस्त करावे लागेल.